आपण कोणाला विसरलो?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

या शिबिरात मी काय बोलावे असे संयोजकांनी विचारले तेव्हा अंदाजपत्रक, शेतमालाचे भाव किंवा सार्वजनिक उद्योगांची विक्री यांपैकी एखादा विषय मी सुचवीन अशी त्यांची समजूत असावी. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाविषयी ती चुकीची नाही. चित्रपटांवर बोलतो असे मी म्हणालो तेव्हा त्यांना बरेच वाटले. सत्र जेवणानंतरचे होते. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन-चार दशकांत जगातल्या चित्रपटांमध्ये समलिंगी माणसे कशी आली, हा विषय आहे असे सांगितल्यावर फोनवर काही क्षण कोणी बोलेना. मग "चालेल, पण विषय थोडा व्यापक ठेवा," अशी सूचना आली. मी तो व्यापक ठेवणार नाही. समाजवादी चळवळीशी ज्यांचा सरळ संबंध पोचतो अशा चार-पाच चित्रपटांवरच मी प्रामुख्याने बोलणार आहे, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी.

९ नोव्हेंबर १९८९ ही तारीख तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्री बर्लिनची भिंत उघडली. त्याच संध्याकाळी पूर्व बर्लिनच्या कार्ल मार्क्स मार्गावरील ‘किनो इंटरनॅशनल’ या चित्रपटगृहात ‘कमिंग आउट’ नावाच्या चित्रपटाचा पहिला खेळ होता. दिग्दर्शक हायनर कारो. निर्मिती ‘डेफा’ या सरकारी चित्रसंस्थेची. पूर्व जर्मनीने समलिंगी जीवनावर काढलेला हा पहिला आणि, पुढे ते राज्यच न उरल्यामुळे, शेवटचा कथाचित्रपट. प्रेक्षक बाहेर पडले तोवर शहरात इतिहास घडत होता, आणि चित्रपट साहजिकच त्या गर्दीत हरवला.

कथा साधी आहे. फिलिप हा तरुण शिक्षक. विद्यार्थ्यांचा आवडता, वागण्याने सरळ. तान्या या सहशिक्षिकेबरोबर त्याचा संसार सुरू होतो. मग मथियास नावाचा एक मुलगा त्याला भेटतो, आणि आयुष्यभर दडपलेली गोष्ट वर येते. फिलिप दोघांशीही खोटे बोलतो आणि दोघांनाही दुखावतो. दिग्दर्शक त्याला हुतात्मा करीत नाही, हे मला मोठेपणाचे वाटते. पण आज ज्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट निवडला तो वेगळाच आहे. एका मद्यगृहात कोसळलेल्या अवस्थेत बसलेल्या फिलिपशी वॉल्टर नावाचा एक म्हातारा बोलू लागतो. तरुणपणी त्याचे एका पुरुषावर प्रेम होते. नाझींनी त्याला झाक्सनहाउझनच्या छळछावणीत टाकले. छातीवर गुलाबी त्रिकोण शिवला. पुढे तो कम्युनिस्ट झाला. तो सांगतो त्याचा आशय असा: आम्ही वेड्यासारखे राबलो, माणसाने माणसाचे शोषण करावे हे संपविले, शेजारी काम करणारा ज्यू आहे की आणखी कोणी, याने आता फरक पडत नाही. फक्त समलिंगी माणसांना आम्ही कुठेतरी विसरलो.

तो चिडून बोलत नाही, आणि पक्षाला शिव्याही देत नाही. एखाद्या हिशेबनिसाने जुनी वही चाळताना एक रक्कम राहून गेल्याचे सांगावे, तसा त्याचा स्वर आहे. ‘आम्ही विसरलो’ यातल्या ‘आम्ही’मध्ये तो स्वतःलाही धरतो. छावणीतून आलेला, पक्षात राबलेला आणि तरीही स्वतःलाच विसरलेला माणूस! मी हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा तेवढा प्रसंग पुन्हा मागे नेऊन पाहिला.

आणि लक्षात घ्या, पूर्व जर्मनीत कायदा आड येत नव्हता. प्रौढ पुरुषांमधील संबंध तिथे १९६८ सालीच दंडसंहितेतून वगळले गेले होते, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या एक वर्ष आधी. तरीही फिलिपच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटच्या प्रसंगात त्याचा वर्ग तपासण्यासाठी अधिकारी मागच्या बाकांवर येऊन बसतात आणि तो टेबलावर नुसता बसून राहतो. आपल्याकडे ३७७ कलमाचा हा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरविला. तेव्हा ‘आता प्रश्न मिटला’ असे म्हणणाऱ्या आपल्या काही मित्रांना मी हा वर्ग दाखवू इच्छितो.

या विस्मरणाला इतिहास आहे, आणि तो आपल्या अभ्यासवर्गात सहसा शिकविला जात नाही. ऑस्कर वाइल्डवर खटला चालला तेव्हा, १८९५ साली, जर्मन समाजवाद्यांच्या नियतकालिकात एडुआर्ड बर्नस्टाइनने लिहिले आणि या प्रश्नाकडे नीतीच्या गप्पा बाजूला ठेवून पाहण्याचा आग्रह धरला. १८९८ साली जर्मन संसदेत कलम १७५ रद्द करा, अशी मागणी करणारे भाषण ज्याने केले तो ऑगस्ट बेबेल, जर्मन सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाचा नेता. १९२२ च्या सोव्हिएत दंडसंहितेतून हा गुन्हा गळाला. मग १९३३-३४ मध्ये स्टालिनच्या राजवटीने तो परत आणला, आणि मॅक्सिम गॉर्कीसारख्या लेखकाने समलिंगी वृत्तीचे नाते फॅसिझमशी जोडले. त्याच सुमारास हिटलर अशाच माणसांना छावण्यांत पाठवीत होता! रशियातील तो कायदा १९९३ पर्यंत टिकला. सर्गेई पाराजानोव्ह या असामान्य दिग्दर्शकाला १९७३ च्या डिसेंबरात अटक झाली आणि चार वर्षे श्रमछावणीत काढावी लागली. आरोपांत हाही एक होता. म्हणजे आपण विसरलो हे खरे. परंतु विसरण्याआधी आपल्याला ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

मराठीतही सांगण्यासारखे थोडे आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, त्यापायी खटले झेलले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. १९८१ साली तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने समलिंगी स्त्रीला मराठी रंगभूमीवर आणले. त्यानंतर पुष्कळ काळ शांतताच होती.

आता हॉलिवूडविषयी थोडेसे, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. १९३४ पासून काटेकोर अमलात आलेल्या निर्मात्यांच्या आचारसंहितेने या विषयाचा उल्लेखही वर्ज्य केला होता. १९६१ साली ती सैल झाली. त्याच साली विल्यम वायलरच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’मध्ये शर्ली मॅक्लेनची शिक्षिका आपले मैत्रिणीवर प्रेम असल्याची कबुली देते, आणि फास लावून घेते. व्हिटो रुसो या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’ हे पुस्तक लिहिले, त्यात अशा पात्रांच्या मृत्यूंची एक यादीच दिली आहे: कोणी आत्महत्या केली, कोणाचा खून झाला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याद्या आवडतात. हे चित्रपट पाहताना मीही एक यादी केली, पण ती मृत्यूंची नव्हे, नोकऱ्यांची.

पाहा. एत्तोरे स्कोलाच्या ‘ए स्पेशल डे’ (१९७७) मध्ये १९३८ चे रोम आहे. हिटलर भेटीला आला आहे, सारी इमारत मिरवणुकीला गेली आहे, मागे उरले आहेत सहा मुलांची एक दमलेली आई आणि शेजारचा एक पुरुष. सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयान्नी. हा पुरुष आकाशवाणीवर निवेदक होता. समलिंगी म्हणून त्याची नोकरी गेली आहे आणि संध्याकाळी त्याला हद्दपार करून नेणार आहेत. बेसिल डिअर्डनच्या ‘व्हिक्टिम’ (१९६१) या इंग्रजी चित्रपटाची सुरुवात बांधकामावर पगारपत्रके करणाऱ्या एका कारकुनापासून होते. गुप्तता विकत घेण्यासाठी, खंडणीखोरांचे तोंड बंद करण्यासाठी त्याने मालकाचे पैसे उचललेले असतात, आणि शेवटी तो कोठडीत जीव देतो. इंग्लंडमध्ये तो कायदा १९६७ साली बदलला. जोनाथन डेमच्या ‘फिलाडेल्फिया’ (१९९३) मध्ये एड्स झालेल्या वकिलाला त्याची वकिली पेढी काढून टाकते. सारा चित्रपट म्हणजे बडतर्फीविरुद्धचा दावा आहे. हवानातल्या दिएगोची नोकरी जाते, त्याच्याकडे मी पुढे येतोच. म्हणजे ज्या प्रश्नाला आपण शयनगृहाचा प्रश्न म्हणून बाजूला सारतो, त्यात समाज पहिला हात घालतो तो माणसाच्या पगाराला! ‘आधी भाकरीचा प्रश्न, मग बाकीचे’ असे सांगणाऱ्या कार्यकर्त्याने हे चित्रपट जरा नीट पाहावेत.

‘हे श्रीमंतांचे, शहरी लोकांचे चोचले आहेत’ हा आक्षेप आपल्या बैठकींत हमखास येतो. त्याला सर्वांत कठोर उत्तर राइनर वेर्नर फासबिंडरने १९७५ साली दिले. चित्रपटाचे इंग्रजी नाव ‘फॉक्स अँड हिज फ्रेंड्स’. मूळ जर्मन नावातला ‘फाउस्टरेश्ट’ हा शब्द मराठीत आणायचा तर ‘बळी तो कान पिळी’ हीच म्हण वापरावी लागेल. फ्रान्झ ऊर्फ फॉक्स हा जत्रेतल्या खेळात काम करणारा, न शिकलेला, कष्टकरी तरुण; भूमिका स्वतः फासबिंडरची. खेळ बंद पडतो, मालकाला पोलिस नेतात, आणि या बेकार पोराला पाच लाख मार्कांची लॉटरी लागते. लगेच त्याला सुसंस्कृत मित्र भेटतात. त्यांतला ऑयगेन हा छापखानेवाल्या घराण्याचा मुलगा. छापखाना बुडीत निघाला आहे. फॉक्स प्रेमाने एक लाख मार्क देतो, करारावर न वाचता सही करतो, आणि स्वतः तिथेच कामाला लागतो. जेवताना काटा कुठला धरावा, सूप कसे प्यावे हे त्याला घरातले लोक शिकवितात. घर त्याच्या पैशाने घेतले जाते, सामान प्राचीन वस्तूंच्या दुकानातून येते, ते दुकान अर्थातच आणखी एका मित्राचे.

मग हिशेबाचा दिवस येतो. माझे कर्ज परत द्या, असे फॉक्स म्हणतो. ते तर कधीच फिटले, असे उत्तर त्याला मिळते: दरमहा तुला मिळत होती ती रक्कम म्हणजे कर्जाचे हप्तेच होते. म्हणजे मजुरी शून्य! त्याने फुकट काम केले, आणि त्याच्याच भांडवलातून त्याला जगविले. वर्गात अतिरिक्त मूल्याची कल्पना समजावताना मी फळ्यावर पुष्कळ आकडे लिहिले आहेत. इतके स्वच्छ उदाहरण मला कधी सुचले नाही. शेवटी म्युनिकच्या भुयारी स्थानकात, फरशीवर, गोळ्या खाऊन मेलेला फॉक्स पडलेला असतो आणि दोन शाळकरी पोरे त्याचे खिसे चाचपतात.

समलिंगी चळवळीतल्या काही जणांनी तेव्हा फासबिंडरवर टीका केली की त्याने आपल्याच माणसांची बदनामी केली. त्या काळच्या त्यांच्या स्थितीत ही टीका समजण्यासारखी होती. परंतु मला वाटते, बदनामी मालकवर्गाची झाली आहे. प्रेम पुरुषाचे पुरुषावर असो की स्त्रीवर, घराणे, मालमत्ता आणि करार त्यात शिरल्यावर दुबळ्याचे काय होते हे त्याने दाखविले. समलिंगी माणूस कामगार असू शकतो, इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात शिरत नाही, म्हणून तर आपण त्याला ‘उच्चभ्रू’ म्हणून मोकळे होतो.

दहा वर्षांनंतरच्या इंग्लंडमध्ये हाच धागा ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ (१९८५) मध्ये निराळ्या रंगात येतो. लेखन हनीफ कुरेशीचे, दिग्दर्शन स्टीफन फ्रिअर्सचे. हा चित्रपट चॅनल फोर या दूरचित्रवाणीसाठी थोडक्या पैशांत, सोळा मिलिमीटर फितीवर काढलेला होता. थॅचरबाईंचे राज्य, बेकारी, पाकिस्तानी घरातला ओमर काकाकडून कपडे धुण्याचे एक मोडके दुकान चालवायला घेतो आणि जॉनी या गोऱ्या, गरीब मित्राला कामावर ठेवतो. हा जॉनी एके काळी वंशद्वेष्ट्यांच्या मोर्चात चाललेला. मालक तपकिरी, नोकर गोरा, आणि दोघे एकमेकांवर प्रेम करतात. सईद जाफरीने केलेला नासरकाका नव्या भांडवलशाहीचा आनंदी उपासक आहे. परंतु आपण ज्याच्याकडे पाहायचे तो ओमरचा बाप, रोशन सेठने रंगविलेला: समाजवादी पत्रकार, आता रेल्वेमार्गालगतच्या खोलीत दारू पीत पडलेला. कामगारवर्गाने आपली घोर निराशा केली असे तो म्हणतो तेव्हा चित्रपटगृहात हशा होतो. मी हसलो, आणि मग अस्वस्थ झालो. या बापाला जगाचे सर्व कळते; मुलाने महाविद्यालयात जावे ही त्याची तळमळही खरी आहे; पण मुलगा कोणावर प्रेम करतो हे त्याला कधी विचारावेसे वाटत नाही. आपल्या पिढीतल्या कितीतरी समाजवादी बापांचे हे चित्र आहे.

हंगेरीचा कारोय माक याचा ‘अनदर वे’ (१९८२) थोडक्यात सांगतो, वास्तविक त्यावर स्वतंत्र भाषण हवे. एर्झेबेट गाल्गोत्सी या लेखिकेच्या लघुकादंबरीवर आधारलेला. काळ १९५८ चा, म्हणजे ५६ चा उठाव चिरडल्यानंतरचा. एवा ही वार्ताहर. खेड्यात सहकारी शेती कशी जबरीने लादली गेली ते तिला लिहायचे आहे, आणि लिव्हिया या विवाहित सहकारिणीवर तिचे प्रेम आहे. बागेतल्या बाकावर बसलेल्या या दोघींना पोलिस हटकतात, आणि संपादक तिचा मजकूर अडवितो. खोटे लिहायचे नाही आणि खोटे जगायचेही नाही, असा तिचा हट्ट. सीमेवर गोळी लागून ती मरते. यात्विगा यान्कोव्स्का-चिएश्लाक या पोलिश नटीला या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. माकने दोन सत्ये एकाच स्त्रीच्या वाट्याला दिली. त्यामुळे शेतकऱ्याविषयीचे सत्य ‘सामाजिक’ आणि प्रेमाविषयीचे सत्य ‘खाजगी’ अशी वाटणी करणे आपल्याला अशक्य होते.

आता क्यूबा. आपल्यापैकी अनेकांच्या तरुणपणी त्या बेटाचे चित्र भिंतीवर होते, माझ्याही खोलीत होते. त्या क्यूबात १९६५ ते १९६८ या काळात समलिंगी पुरुषांना, धार्मिक पंथीयांना आणि इतर ‘अयोग्य’ लोकांना लष्करी शिस्तीच्या श्रमछावण्यांत पाठविण्यात आले. २०१० साली एका मेक्सिकन वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत फिडेल कास्ट्रोने या अन्यायाची जबाबदारी आपली असल्याचे मान्य केले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

तोमास गुतिएरेझ आलेआ हा क्रांतीचा दिग्दर्शक; १९६८ चा ‘मेमरीज ऑफ अंडरडेव्हलपमेंट’ त्याचाच. १९९३ साली, कर्करोगाने ग्रासलेला असताना, हुआन कार्लोस ताबिओला जोडीला घेऊन त्याने ‘स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट’ केला. कथा सेनेल पाझची. १९७९ चे हवाना. दाविद हा गरीब शेतकरी घरातला विद्यार्थी, कम्युनिस्ट युवक संघटनेचा सभासद. क्रांती झाली नसती तर तो विद्यापीठात पोचलाच नसता. कोपेलिया या आइस्क्रीमच्या प्रसिद्ध ठिकाणी दिएगो त्याच्या टेबलाशी येऊन बसतो. चॉकलेट उपलब्ध असताना स्ट्रॉबेरी खाणारा पुरुष! दाविदला तेवढ्यावरून कळते. मिगेल नावाचा त्याचा सहाध्यायी त्याला सांगतो, याच्यावर नजर ठेव, पुरावा गोळा कर. म्हणजे मैत्रीची सुरुवात हेरगिरीने होते.

दिएगोच्या खोलीत क्यूबाची सारी संस्कृती कोंबलेली आहे: वाळीत पडलेल्या लेसामा लिमा या लेखकाचे चित्र, जुने संगीत, देवाधर्माच्या मूर्ती. पोथीनिष्ठ दाविदला आपल्या देशाचे साहित्य प्रथम कळते ते या ‘देशद्रोह्या’कडून. आणि मग दिएगो सांगतो की तोही एके काळी चौदा वर्षांचा क्रांतिप्रेमी मुलगा होता. साक्षरता मोहिमेत शिकवायला गेला होता. त्याला शिक्षक व्हायचे होते. त्याने क्रांतीकडे पाठ फिरविली नव्हती, क्रांतीने त्याच्याकडे फिरविली. मित्राचे शिल्पप्रदर्शन अडविल्याबद्दल तो अधिकाऱ्यांना पत्र लिहितो आणि त्याची नोकरी जाते. देश सोडावा लागतो. निघण्यापूर्वी दाविद त्याला मिठी मारतो.

ही मिठी हवानातल्या प्रेक्षकांनी रांगा लावून पाहिली आणि चित्रपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. तरीही माझी एक तक्रार आहे. चित्रपटात प्रेम करण्याची मुभा दाविदला आहे, दिएगोला नाही. तो बुद्धिमान आहे, विनोदी आहे, उदार आहे, पण त्याला कोणी प्रियकर दिलेला नाही. त्याची सभ्यता आपल्या पचनी पडावी म्हणून त्याला जवळजवळ संन्यासी केले आहे. काळही साठीतल्या छावण्यांचा न घेता १९७९ चा घेतला. आलेआ राज्यसंस्थेच्या पैशाने, तिच्या आतूनच बोलत होता; किती बोलता येईल याचा त्याने अंदाज बांधला असावा. मी त्याला दोष देत नाही. हिशेब तेवढा नीट ठेवू या. (दिएगोच्या खोलीचे चित्रण झालेल्या इमारतीत १९९६ साली एक खाजगी उपाहारगृह निघाले, तिथे परदेशी पाहुणे जेवतात. अर्थशास्त्राच्या माणसाला एवढा कंस क्षम्य असावा.)

हेक्टर बाबेंकोच्या ‘किस ऑफ द स्पायडर वूमन’ (१९८५) मध्येही एकाच कोठडीत कडवा मार्क्सवादी व्हॅलेंतीन आणि दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजविणारा मोलिना राहतात. मोलिनावर खबऱ्या होण्याचे दडपण आहे. विषारी अन्नाने व्हॅलेंतीनचे पोट बिघडते, तेव्हा मोलिना त्याची घाण साफ करतो. ज्याला व्हॅलेंतीन राजकारणशून्य म्हणून हिणवीत होता, तोच पुढे त्याचा निरोप पोचविताना गोळी खाऊन मरतो. विल्यम हर्टला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. आपल्या कार्यकर्त्यांनी हा चित्रपट पाहावा तो त्या साफसफाईच्या प्रसंगासाठी.

मित्रहो, आता माझी चूक.

दीपा मेहतांचा ‘फायर’ हा १९९६ चा चित्रपट भारतात १९९८ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. दिल्लीतल्या एका मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबातल्या दोन जावा, शबाना आझमी आणि नंदिता दास. घरातल्या खाद्यपदार्थांच्या धंद्याचे काम त्या राबतात, धंदा मात्र नवऱ्यांचा. त्या एकमेकींवर प्रेम करू लागतात. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांवर हल्ले केले, मग दिल्लीत आणि इतरत्र तेच. राज्यात युतीचे सरकार होते. मुख्यमंत्र्यांनी हल्लेखोरांची पाठराखण केली. दिलीपकुमार आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. चित्रपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे धाडण्यात आला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत जसाच्या तसा पुन्हा संमत झाला.

आमच्या गावातही आम्ही निषेधाचे पत्रक काढले. मसुदा माझा. त्यात राज्यघटनेचे एकोणिसावे कलम होते, झुंडशाही होती, फॅसिझमचा धोका होता, जर्मनीतले पुस्तकदहनही होते. चित्रपट दोन स्त्रियांच्या प्रेमाचा आहे हे मात्र त्यात एका शब्दानेही नव्हते. ते माझ्याकडून विसरले गेले नव्हते. मी एक वाक्य लिहिले होते आणि खोडले, कारण महिला मंडळाच्या सह्या मिळणार नाहीत असे मला वाटले. मंडळाला मी विचारले नव्हते. दिल्लीत ७ डिसेंबरला झालेल्या निदर्शनांत हाच वाद पडला होता: ‘लेस्बियन’ हा शब्द फलकावर यावा की नाही. तिथे काही स्त्रियांनी तो फलक हाती धरला. आमच्याकडे तसे कोणी नव्हते, असे मी समजत होतो.

पत्रके वाटायला आमच्या अभ्यासमंडळातला एक विद्यार्थी एसटी स्थानकावर जाणार होता. गठ्ठा घेताना त्याने मला विचारले, "सर, हा सिनेमा कशावर आहे असं कोणी विचारलं, तर काय सांगू?" मी म्हणालो, "अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आहे, असं सांग." तो हसला आणि गेला. पत्रके सगळी वाटून आला. पुढच्या वर्षी तो मंडळात यायचा थांबला. शहरात नोकरी लागली असे कोणी तरी सांगितले, आणि मी अधिक चौकशी केली नाही.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ कलमाबाबतचा पहिला निकाल दिला, तो पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने फिरविला. त्या जुलैतच तो मुलगा, आता चांगला पस्तिशीचा गृहस्थ, पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारी आला. बरोबर त्याचा जोडीदार होता. चहा झाला. निघताना चप्पल घालता घालता तो म्हणाला, "सर, त्या दिवशी पत्रकं न्यायला आलो तेव्हा तुम्हाला सांगणारच होतो." एवढेच. त्याने मला दोष दिला नाही. वॉल्टरच्या स्वराची मला आठवण झाली ती तेव्हा.

या मुलाला आम्ही गमावले, ते कोणत्या वैचारिक मतभेदामुळे नव्हे. त्याने आमच्या झेंड्याखाली वीज दरवाढीचे मोर्चे काढले होते. आज त्याचा जोडीदार रुग्णालयात पडला तर सही कोणाची, घर एकाच्या नावावर असले तर दुसऱ्याचे काय, हे त्याचे प्रश्न आहेत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपविला. संसदेकडे म्हणजे पक्षांकडे, आणि म्हणून आपल्याकडेही. उद्या सकाळच्या सत्रात कार्यक्रमपत्रिकेच्या मसुद्यावर चर्चा आहे. मी पाहिलेल्या प्रतीत जात, धर्म, लिंग यांवर आधारित भेदभावाचा परिच्छेद आहे. त्यात ‘लैंगिक कल’ आणि ‘लिंगभाव’ हे शब्द घालावेत, आणि वारसा, भाडेकरार व नोकरीतील संरक्षण यांचा नावानिशी उल्लेख करावा, अशी दुरुस्ती मी लेखी दिली आहे. अनुमोदक अजून मिळायचा आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला कानात सांगितले की वेळ योग्य नाही, निवडणुका तोंडावर आहेत. निवडणुका नेहमीच तोंडावर असतात.

आज रात्री साडेआठला याच सभागृहात ‘स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट’ दाखविणार आहोत. चित्रपट स्पॅनिश आहे आणि उपशीर्षके इंग्रजी. ती भराभर जातात. ज्यांना ती वाचणे जड जाईल त्यांनी उजव्या बाजूच्या पहिल्या दोन रांगांत बसावे. मी तिथे बसून मराठीत सांगत जाईन.